उरेब पट्टीची व्याख्या

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, एका बोटानं 'जतन करा'वर दाबलं आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"झालं!"

शेजारी बसलेल्या नणंदेनं पडद्याकडे वाकून बघितलं. तिचे गाल हसू दाबून फुगले.

"वहिनी, हे खाली काय लिहिलंयस?"

"काय म्हणजे? नाव नको? 'आपली नम्र, शिवणवर्गाची बाई.'"

"अगं, हा ज्ञानकोश आहे. रजेचा अर्ज नाही!"

विकी म्हणजे काय ते बाईंना आठवड्यापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्या वर्गातली बेकरीवाली शिवणाच्या परीक्षेत एका गुणानं नापास झाली, तिथून हे सुरू झालं. 'उरेब पट्टी म्हणजे काय?' या दोन गुणांच्या प्रश्नाला तिनं बाईंनी शिकवलं तेच लिहिलं होतं, तिरपी कापलेली पट्टी. परीक्षा मंडळाच्या नमुना उत्तरांत मात्र 'आडव्या धाग्यात कापलेली पट्टी' असं होतं. बाईंनी मंडळात फोन लावला, तर तिकडचा कारकून म्हणाला, "विकीवर तसंच आहे, बघून घ्या." आणि फोन ठेवून दिला.

बाईंनी बघितलं. खरंच तसंच होतं.

बेकरीवालीला एका कारखान्यात शिलाईचं काम मिळालं होतं, पण हातात प्रमाणपत्र असेल तरच. हरकत शनिवारपर्यंत नोंदवायची होती. ती म्हणाली होती, "बाई, पहाटे तीनला भट्टी पेटवून मी कंटाळले हो. तुम्ही शिकवलं ते चूक होतं का? तसं असेल तर सांगा, मी गप्प बसते."

हे 'गप्प बसते' बाईंना लागलं होतं. सत्तावीस वर्षं गळे आणि बाह्यांचे मुंढे बसवून हे ऐकायचं?

दहा मिनिटांत बाईंनी विकीवर घातलेलं 'तिरपी कापलेली'चं वाक्य गायब झालं. जागेवर पुन्हा 'आडव्या धाग्यात'. खाली शेरा होता: 'संदर्भ नाही. लेखात सही करू नये.' शेरा मारणाऱ्याचं नाव होतं पूर्णविराम.

"पूर्णविराम! हे काय नाव झालं?"

"तू 'टाचणी' नावानं खातं उघडलंस, तेव्हा मी काही बोलले?" नणंद म्हणाली. ती चाळीस वर्षं टंकलेखिका होती. बाईंचं ते एक बोट कळफलकावर अक्षर शोधत हिंडायचं, तेव्हा तिचा जीव कासावीस व्हायचा. "सरक, मी टाइप करते."

"नको. माझं भांडण आहे."

बाईंनी वाक्य परत घातलं. या वेळी सही नाही, पण शेवटी लिहिलं, 'हे मी सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.' चहा गार व्हायच्या आत तेही उडालं.

मग नणंदेनं 'चर्चा' पान दाखवलं. तिथं भांडता येतं, आणि सहीसुद्धा करता येते. बाईंनी तासभर खपून लिहिलं:

'पूर्णविराम यांस. आधी खरं सांगते, माझ्या विद्यार्थिनीचे दोन गुण अडकलेत. पण गुण नसते अडकले तरी हे चूकच आहे. आडव्या पट्टीचा गोट गळ्याला लावून बघा, गळा उभा राहतो. आमच्या धंद्यात पुस्तक नसतं, हात असतो. — टाचणी'

उत्तर आलं: 'खरं सांगितलंत, बरं वाटलं. मला शिवण येत नाही. तुम्ही बरोबर असाल, पण मला तुमचा हात दिसत नाही. छापील पुस्तक दाखवा, मी स्वतः तुमच्या बाजूनं उभा राहीन.'

"माणूस वाईट नाही," बाई पुटपुटल्या. "पण पुस्तक कुठून आणू?"

नणंदेची बोटं टाइप केल्यासारखी टेबलावर वाजत राहिली. मग एकदम म्हणाली, "मंडळाचं एक होतं की. 'शिवणकला, भाग पहिला'. मीच टाइप केलंय."

बाई खुर्चीतून गर्रकन वळल्या. "आणि हे आत्ता सांगतेस? काय लिहिलंय त्यात?"

"मला काय माहीत! मी टाइप केलं, वाचलं कुठं?"

तिच्या घरी ट्रंकेच्या तळाशी ते सापडलं. कागद पिवळा पडला होता, पण पान एकतीसवर कापडाची आकृती होती आणि काठापासून पंचेचाळीस अंशांत तिरपी रेघ. खाली ठळक अक्षरांत 'उरेब'. बाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि नणंदेच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

"आई गं! मारतेस काय?"

"शाबासकी आहे ती!"

त्या दुपारी बाईंनी तिसऱ्यांदा लिहिलं: 'कापडाच्या काठाला तिरपी, पंचेचाळीस अंशांत कापलेली पट्टी म्हणजे उरेब पट्टी. ती ताणली जाते आणि वळते, म्हणून गळ्याला आणि मुंढ्याला नीट बसते.' पुढे पुस्तकाचं नाव, पान एकतीस. सही नाही.

संध्याकाळपर्यंत वाक्य जागेवरच होतं. चर्चेच्या पानावर एकच ओळ आली: 'मानलं, टाचणी. — पूर्णविराम'. बाईंनी ती तीनदा वाचली, मग नणंदेकडून मोठ्यानं वाचून घेतली.

शुक्रवारी हरकत मंडळात गेली, सोबत पान एकतीसची प्रत जोडून.

पंधरा दिवसांनी बेकरीवाली पत्र नाचवतच वर्गात शिरली. अंगावरचं पीठसुद्धा तिनं झटकलं नव्हतं. "एक्केचाळीस! बाई, एक्केचाळीस! पास!" साती मशिनं थांबली. सगळ्याजणींनी मिळून असा गलका केला की खालच्या दुकानातला घड्याळजी जिन्यात येऊन उभा राहिला.

गलका ओसरल्यावर नणंदेनं पत्र हातात घेतलं. वाचता वाचता तिच्या भुवया चढल्या.

"पुस्तकाचं नावसुद्धा घेतलं नाही मेल्यांनी. ऐक. 'विकीवरील माहिती तपासली असता, काठाला तिरपी, पंचेचाळीस अंशांत कापलेली, जी ताणली जाते आणि वळते...' वहिनी, हे तुझं वाक्य आहे! आणि पुढे ऐक. 'सबब दोन गुण देण्यात येत आहेत. संबंधित प्रशिक्षिकेने यापुढे शिकवण्यापूर्वी सदर विकीचा आधार घ्यावा.' तुला! तुला सांगतायत! चल, आत्ताच्या आत्ता उत्तर टाइप करते, कान उपटते एकेकाचे."

"कशाला? बरोबरच सांगतायत."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नाकावर घेतला आणि विकीवर 'चुणी'चं, कापडाच्या शिवलेल्या घडीचं, पान उघडलं. पहिली ओळ वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

मग बाह्या वर सारल्या.