चढ्या आवाजाचं घर

धनराज एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर. आठ तास त्या घरघरीत ओरडून बोलायचं आणि घरी येऊन "मीठ दे" हेसुद्धा ओरडूनच सांगायचं. लग्नानंतर वर्षभरात तृप्तीचाही आवाज चढला. क्वार्टरमध्ये टीव्ही मोठा, माणसं त्याहून मोठी.

म्हणून पहिलीतल्या हर्षालीच्या बाईंनी "मुलीचं लक्ष नसतं" असं वहीत दुसऱ्यांदा लिहून पाठवलं, तेव्हा तृप्तीचं डोकंच फिरलं. घरी तर पोरगी एका हाकेत येते! म्हणजे शाळेतच हिची नाटकं. तिने हर्षालीच्या पाठीत धपाटा घातला आणि बाईंच्या नावानेही बोटं मोडली.

खोट दिसली ती नामपूरहून आलेल्या सासूबाईंना. वत्सलाबाई हळू बोलायच्या.

"तृप्ती, पोरीला ऐकू नाय येत. माझ्या गोष्टीला नुसती मान हलवती."

"आई, तुमचं आपलं काहीतरीच!"

वत्सलाबाई मग रोज दुपारी नातीच्या कानात कोमट लसणाचं तेल सोडू लागल्या. उशांचे अभ्रे तेलकट झाले. दोन महिने तृप्ती ते धूत राहिली आणि चिडत राहिली, पण मुलीला दवाखान्यात न्यायचं काही तिला सुचलं नाही. शेवटी शाळेतल्या बाईंनी तिसऱ्यांदा, लाल शाईने लिहिलं, तेव्हा ती हर्षालीला घेऊन तणतणत नाशिकरोडला कानाच्या डॉक्टरांकडे गेली. कान ठीक असल्याची चिठ्ठी बाईंना दाखवायची, एवढ्यासाठीच.

डॉक्टरांनी कान तपासले. यंत्राच्या कागदावर डोंगरासारखी उमटायला हवी होती ती रेघ सपाट आली.

"पडद्यामागे पाणी साचलंय. आता तर डिंकासारखं चिकट झालंय. आतलं नाजूक अस्तर सुजून जाड झालंय आणि तेच आणखी चिकटा सोडतंय. पडदाही आत ओढला गेलाय."

"पण रोज तेल घालतोय की!"

"तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं हो. दोन्ही पडद्यांत बारीक नळी बसवू, म्हणजे पाणी निघून जाईल. अस्तर बहुतेक पूर्ववत होईल. अजून थांबलात तर पडदा आतल्या हाडांना चिकटेल आणि ऐकणं कायमचं कमी होईल. घरी कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

तृप्तीला सासूबाईंचा राग आला, धनराजचा आला, टर्बाइनचासुद्धा आला. सगळ्यांवर चिडून झाल्यावर धपाटा आठवला, आणि तो कुणाच्या माथी मारता येईना.

त्याच आठवड्यात नळ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षाली दवाखान्यातून घरी आली आणि पंख्याकडे बघत बसली. तो वाजतो हे तिला नवीनच होतं.

"हर्षाली, ताट घे!" तृप्तीने स्वयंपाकघरातून नेहमीसारखीच हाक दिली.

हर्षाली दचकली. दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीला टेकली.

"मम्मी, आता मी काय केलं?"

तृप्तीच्या तोंडाशी उत्तर आलं, पण ते कोणत्या आवाजात द्यायचं हेच तिला कळेना.