माकणीचा पडदा

मी कमांड बोलतेय. संगणकाला हुकूम सोडणारी एक ओळ. दिसायला एवढीशी, पण तोंडाळ! माझं काम नकला करायचं. ब्राउझरला मी दटावते, "आता तू मोबाइल हो, एवढा रुंद, एवढा उंच," आणि तो मुकाट्यानं होतो. मग वेबसाइट कुठल्या फोनवर कशी दिसेल, ते फोन हातात न घेताच कळतं.

माझा जन्म तुळजापुरात, एका लॉजच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या ऑफिसात. मला लिहिलं शिवकन्यानं. माकणी गावची पोर, बोलायला हळू, कामाला चिवट. ऑफिसचे मालक अंबादास सर तिला म्हणाले, "सगळ्या फोनांना एकच माप ठेव, नाव 'मोबाइल'. उगी फाटे फोडू नकोस." तिनं ऐकलं. चूक तिथंच झाली. आमच्या भागात मोबाइल काय एकाच मापाचा असतो व्हय?

एका शेतकरी गटासाठी सोयाबीन बियाण्याच्या नोंदणीचा अर्ज बनवायचा होता. मी 'मोबाइल' झाले, अर्ज नीट दिसला, 'सगळं ठीक'ची हिरवी खूण उमटली. मीही फुशारले.

रविवारी माकणीहून शिवकन्याच्या आत्याचा, द्वारकाबाईंचा फोन आला. "पोरी, समदं भरलं, पर पाठवायचं बटणच दिसंना की गं! उद्या सांजच्याला मुदत संपतीया. बियाणं न्हाय मिळालं तर काय खडं पेरू?"

तिकडं लेकानं नवा फोन घेतला की जुना आईकडं येतो, अक्षरं मोठ्यात मोठी करून. त्या फुगलेल्या अक्षरांनी बटण पडद्याखाली ढकललं होतं आणि पान काही सरकत नव्हतं.

शिवकन्यानं मला तिथल्या तिथं उसवलं. आता रुंदी वेगळी सांगायची, उंची वेगळी, फोन उभा की आडवा ते वेगळं, अक्षरांचा आकार वेगळा. आत्याच्या फोनची मापं विचारून भरली आणि त्यांना नाव दिलं 'माकणी'. मी माकणी झाले. बटण गायब! मी लाल खूण दिली, अजिबात न लाजता.

सोमवारी सकाळी अंबादास सर तापले. "अकराला गटाची माणसं बघायला येणार आणि हे लाल? काढ ते माकणी. बाकी सगळं हिरवं आहे ना!"

"सर, लाल पुसल्यानं आत्याला बटण दिसंल का? मी न्हाय काढणार."

सरांनी स्वतःच्या हातानं 'माकणी' पुसलं. माझा लई संताप झाला. खरं बोलले म्हणून माझी जीभ छाटली!

अकराला माणसं आली. सगळं हिरवंगार. सर खुशीत. तेवढ्यात गटाचे धोंडीबा अण्णा आपला जुना फोन काढून म्हणाले, "माझ्यात उघडून दावा की." उघडलं. ठळक, मोठ्ठी अक्षरं. "अन् बटण कुठं हाय, साहेब?"

खाली मान घालून सर शिवकन्याला म्हणाले, "परत लिही ते."

तिनं माझ्यात 'माकणी' परत लिहिलं, मग दुपारपर्यंत अर्ज दुरुस्त केला. मी पुन्हा माकणी झाले. बटण समोर! पाच वाजता आत्याचा फोन आला, "गेलं गं, गेलं माझं नाव बियाण्याच्या यादीत!"

आता रोज सकाळी मी सगळ्यांत आधी माकणीच होते. मला खुशाल नकली म्हणा. पण साइट बनवणाऱ्यांनो, लाल दिसलं तर बटण वर आणा, मला पुसू नका. आणि पुसायचंच असेल तर पुसा बापडे. शिवकन्याला मी तोंडपाठ आहे.