पाठीला टेकलेले गुडघे

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. हसू नका, साधीसुधी नाही, विमानातली आहे. आता मरोळला अंबादासच्या स्कूटर गॅरेजबाहेर मला लोखंडी चौकटीवर बसवलं आहे आणि गिऱ्हाइकं माझ्यावर बसून चहा पितात, हा भाग वेगळा. शाळा सुटली की तुम्ही माझ्यावर उड्या मारता, बोटांची पिस्तुलं करून 'हायजॅक हायजॅक' खेळता. परवा तुमच्यातल्या एकाने माझ्या पाठीतलं भोक बोटाने उकरलं. ते भोक गोळीचं आहे. म्हणून म्हटलं, आता सांगून टाकावं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. हलक्या धातूचा सांगाडा, वर जाड फोम आणि त्यावर निळं कापड. विमानात मला नवव्या ओळीत, चालायच्या वाटेच्या कडेला बसवलं. माझा तोरा काय विचारता. लोक यायचे, हात फिरवायचे, 'काय मऊ आहे' म्हणायचे. उतरताना माझ्या कडेला च्युइंगगम चिकटवून जायचे ते वेगळेच. पण मला माणसं आवडायची. पाठीवरून आणि मांड्यांवरून माणूस कळतो, हे मी तेव्हाच शिकले.

त्या सकाळी आम्ही सांताक्रूझहून निघणार होतो. माझ्यावर विद्याधर नावाचे मुलुंडचे एक सरकारी अधिकारी येऊन बसले. शांत, चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी आपली चामडी बॅग समोरच्या खुर्चीखाली सरकवली. त्यांच्या पत्नीला, वसुधाबाईंना, नेमकी मागच्या ओळीतली जागा मिळाली होती. त्यांच्या शेजारी घाटकोपरचा सहदेव बसला होता. त्याची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, तेव्हापासून तो पंप बसवण्याचं काम करायचा, आणि कंपनीने त्याला पहिल्यांदाच विमानाने पाठवलं होतं.

"भाऊ, जरा ॲडजस्ट कराल का? आम्ही दोघं एकत्र बसलो असतो," वसुधाबाई म्हणाल्या.

"बसा वैनी बिनधास्त," सहदेव उठत म्हणाला. "माका काय, खंयय बसलंय तरी विमान एकच मां."

असा सहदेव माझ्याकडे आला आणि विद्याधर माझ्या मागे गेले. बॅग मात्र पुढेच राहिली. आपल्याकडे जागा बदलताना असं नेहमीच होतं. उतरताना घेऊ, असं म्हणायचं आणि विसरायचं. सहदेव माझ्यावर इतका हळू बसला, जणू मला दुखेल. त्याच्याइतकं प्रेमाने कोणी बसलं नव्हतं, हे मी आजही सांगते.

विमान वर गेलं, चहा आला, आणि तिघेजण उठले. दोघांच्या हातात पिस्तुलं होती, तिसऱ्याकडे हातबॉम्ब. त्यांचा म्होरक्या तपकिरी सफारी घातलेला माणूस होता. चंद्रप्रकाश नावाचा कर्मचारी ट्रे घेऊन मध्ये आला, तर सफारीवाल्याने पिस्तुलाच्या दांड्याने त्याचं तोंड फोडलं. चहा आणि रक्त एकदमच माझ्या पायांशी सांडलं. मग खिडक्या बंद झाल्या, हात डोक्यावर गेले.

विमान एका उजाड विमानतळावर उतरवलं गेलं. पंखे बंद, दारं बंद. आत भट्टी पेटल्यासारखं झालं. तेव्हा त्यांनी माणसांची वाटणी सुरू केली.

आधी बायका आणि मुलं मागे नेली आणि मधला पडदा ओढला. वसुधाबाईंनी नवऱ्याचा शर्ट धरून ठेवला होता, तर त्यांच्या बोटांवर दांडा बसला. मग पुरुषांचे टाय सोडवून त्याच टायांनी श्रीमंतांचे हात बांधले, उरलेल्यांना हात डोक्यावरच ठेवायला लावले. एका म्हाताऱ्याचा हात खाली आला, त्याला लाथांनी तुडवलं. मग सफारीवाला ओळीओळीने फिरत प्रत्येकाचे तळहात बघू लागला.

"क्या काम करता है?"

घट्टे असलेले हात त्याने सोडून दिले. मऊ हातवाल्यांना खोदून खोदून विचारलं. त्याला सरकारी माणूस हवा होता. त्यांचे साथीदार तुरुंगातून सुटले नाहीत, तर पहिली गोळी त्यालाच घालायची, असं तो उघड सांगत होता. विद्याधरांनी सांगितलं, "मास्टर हूं. स्कूल में." सफारीवाला पुढच्या माणसाकडे गेला.

आता सगळ्या बॅगा गोळा झाल्या. चामडी बॅग सहदेवच्या पायांशी सापडली. उघडली, तर आत सरकारी शिक्क्याचे कागद.

"किसकी है?"

सहदेव म्हणाला, "मालूम नहीं."

सफारीवाल्याने त्याचा खरखरीत तळहात धरून हसत म्हटलं, "तेरी तो नहीं है. बोल, किसकी है?"

"मालूम नहीं, साब."

पहिला दांडा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा तोंडावर. दोन दात माझ्या हातावर पडले. हातबॉम्बवाल्याने त्याच्या पोटात लाथा घातल्या आणि त्याचं रक्त माझ्या फोममध्ये आत आत मुरत गेलं. मला ओरडायचं होतं. बॅगवाला माझ्या मागेच बसला होता, फक्त एका पाठीचं अंतर. आणि सहदेवने एकदाही मान वळवली नाही. मागे नुसतं बघितलं असतं तरी मार थांबला असता. तो समोरच बघत राहिला.

मित्रांनो, आता नीट ऐका. या साऱ्या वेळात माझ्या पाठीला मागून दोन गुडघे टेकले होते. विद्याधरांचे. ते थरथरत होते, इतके की माझे स्क्रू किरकिरत होते. प्रत्येक फटक्याला ते माझ्या पाठीत रुतत. सफारीवाल्याने सहदेवला गळपट्टीला धरून उठवलं आणि "दरवाजा खोलो" म्हटलं, तेव्हा ते गुडघे अजूनच थरथरले. मग थांबले. एकदम थांबले. माझ्या डोक्याकडची बाजू एका हाताने घट्ट धरली आणि तो माणूस उभा राहिला.

"बॅग मेरी है. उसको छोड दो."

त्यांना कोणी ओढलं नाही. कोणी बोट दाखवलं नाही. मी सांगते ना, माझ्या पाठीला एकच हात लागला होता, त्यांचा स्वतःचा.

सहदेवला माझ्यावर फेकून दिलं. विद्याधरांना पुढे नेताना त्यांचा चष्मा पडला, तो कोणाच्या तरी बुटाखाली चुरडला. दाराशी त्यांना गुडघ्यांवर बसवलं. एकच गोळी. पडद्यामागे बायका किंचाळल्या.

त्यानंतर विमानाला वेढा घालून बसलेले सैनिक आत शिरले. धूर, गोळ्या, हातबॉम्ब फुटला नाही हे नशीब. एक गोळी कलंडलेल्या सहदेवच्या डोक्यावरून माझ्या पाठीतून गेली. सफारीवाला वाटेतच मेला, बाकीचे दोघे पकडले गेले.

लोकांना उतरवताना वसुधाबाई माझ्यापाशी आल्या. सुजलेल्या बोटांत त्यांनी चष्म्याची काडी धरली होती. सहदेव स्ट्रेचरची वाट बघत माझ्यावरच पडून होता.

"भाऊ, तुम्ही सांगितलंत ना त्यांचं नाव?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाय वैनी." तो फुटक्या तोंडाने म्हणाला. "मी तोंड उघडूक नाय. सायब आपणहून उठले."

"नाही हो. ते उठणाऱ्यातले नव्हते. भाजीवाल्याने कुजके टोमॅटो दिले तरी मुकाट घेऊन यायचे. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. इतका मार पडल्यावर कोणीही नाव घेतलं असतं. मी तुम्हाला दोष देत नाही."

सहदेवच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो पुन्हा "नाय" म्हणाला, पण त्या वळल्या होत्या.

पुढे माझ्यात मुरलेलं रक्त निघेना आणि भोक बुजेना, म्हणून मला विमानातून काढून भंगारात टाकलं. तिथून अंबादासने आणलं. आता माझा फोम तुम्ही उपसता, माझं कापड ब्लेडने फाडता. फाडा. एरवी माझ्यासारख्या जुन्या वस्तू 'आमची काळजी घ्या' म्हणून हात जोडतात. मला ते मागायचं नाही.

तुमच्यापैकी कोणाचा मामा, मावशी मुलुंडला राहत असेल. सुट्टीत जाल तेव्हा वसुधाबाईंचं घर शोधा. त्यांना सांगा, सहदेव खोटं बोलला नव्हता. तुमचा नवरा खूप घाबरला होता, आणि तरीही आपणहून उठला. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणा, त्यांचे गुडघे जिच्या पाठीला टेकले होते तिने.