खदानीकाठच्या चुली

दिवाळी झाली की आमच्या गल्लीला कुलपं लागतात. मुकादमाची गाडी येते, भांडीकुंडी, पोरंबाळं, शेळ्या चढवून माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. जाताना किल्ल्या शेजारी देतात. यंदा माझ्या नवऱ्याचा पाय मोडला म्हणून आम्ही मागे राहिलो आणि सगळ्या गल्लीच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या.

गल्लीच्या मागे बंकट गुत्तेदाराची मुरमाची खदान आहे. माणसं गेली तशी त्याची खोदाईची पोकलेन मशीन घरांकडे सरकायला लागली. राहत्या घरांपासून अंतर सोडायचं आणि कड उतरती, पायऱ्यापायऱ्यांनी काढायची, असा नियम. पण उतार ठेवला तर तळाचा मुरूम तसाच राहतो ना! म्हणून या शहाण्याने भिंतीसारखी सरळ कापली. परवा अवकाळी पडला आणि ऊसतोडीला गेलेल्या धोंडीरामच्या काठावरच्या घराच्या परसात भेग पडली, बोट जाईल एवढी. त्याची आई, सत्यभामामावशी, वय झालं म्हणून मागे राहिलेली. तिला मी माझ्या घरी आणलं आणि त्या दारालाही कुलूप घातलं.

मी तक्रार केली. खनिकर्म विभागाच्या मॅडम आज पाहणीला येणार असं कळलं, तशी सकाळीच बंकटला गाठलं.

"मॅडम यायल्यात. तवर तरी मशीन थांबव."

तो हसला. "कावून थांबवू, वयनी? नियम ऱ्हात्या घराचा हाय. हितं कोन ऱ्हातंय? तुमचं घर लांब, बाकी समद्या दारांना कुलपं. ओसाड गल्ली हाय म्हनून सांगनार मी."

माझं डोकंच फिरलं. याच मेल्याने पंचायतीच्या निवडणुकीत मतांसाठी याच गल्लीत दारोदार हात जोडले होते. तेव्हा बरी माणसं राहत होती!

तशीच घरी आले. "मावशी, उठा. समदी घरं उघडायची. परत्येक घरात चूल पेटवायची. बगू कसा ओसाड म्हनतोय."

कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे काखेत मारून आम्ही दोघी निघालो. एकेक दार उघडलं, धूळ झटकली, चूल पेटवली, तव्यावर काहीतरी टाकलं. पत्र्यांवरून धूर वर जाऊ लागला तशी मला उभारी आली. शेवटचं घर धोंडीरामचं. परसात जाऊन पाहिलं. भेगेत आता हाताचा पंजा जात होता. खाली पोकलेन खणत होती आणि पायाखालची जमीन थरथरत होती.

"ऱ्हाऊ द्या, मावशी. हितं नको."

"आगं, हेच तर काठावरचं घर. हितं कुलूप दिसलं तर बाकीच्या धुराचा काय उपेग?" ती आत शिरलीसुद्धा.

खरं तर मी तिला ओढून बाहेर काढायला हवं होतं. पण बंकटचं ते हसणं डोळ्यांपुढून हलत नव्हतं. "मॅडम बगस्तोवर चूल इझू देऊ नका," असं सांगून मी रस्त्यावर गेले.

जीप आली. ऋतुजा मॅडम उतरल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण नजर तिखट. बंकटने सुरुवात केलीच, "मॅडम, ही समदी गल्ली ओसाड..." मॅडम पत्र्यांकडे बघत होत्या.

"ओसाड घरांतून धूर येतो?"

मॅडम खदानीच्या तोंडाशी गेल्या, तिथून कड पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. "मशीन बंद करा! आधी बंद करा!" पण मशीनच्या घरघरीत ड्रायव्हरला काही ऐकू जाईना. कडेच्या पायथ्यातून मुरूम भुरुभुरू गळत होता. "त्या शेवटच्या घरात कुणी आहे का?"

मी तोवर पळत सुटले होते.

आत धूर कोंडलेला. मावशी चुलीपुढे बसून फुंकत होती.

"भायेर चला!"

"मॅडमनी बगितलं का?"

"बगितलं, उठा!"

"थांब की, तव्यावर भाकर हाय."

मी तिच्या दंडाला धरून फरफटत आणलं. अंगणात आलो आणि मागे धडाड झालं. मागची भिंत चुलीसकट, मांडणीसकट खाली बसली. धुळीत काही दिसेना. मावशी माझ्या हाताला घट्ट धरून उभी होती. मशीन थांबली ती तेव्हा.

मॅडमनी तिथेच पंचनामा केला. खदान बंद, कडेला भराव टाकून उतार दिल्याशिवाय एक टिप्पर हलणार नाही. बंकट "मला वाटलं, मला वाटलं" करत मागेमागे फिरत होता. मला त्यात काडीचाही आनंद झाला नाही. धोंडीरामला फोन कोणत्या तोंडाने करू, एवढंच सुचत होतं.

फोन लावला. तो उसाच्या फडात होता.

"माय धड हाय ना, वयनी?"

"हाय. भाकर ऱ्हायली म्हनून मला बोलायलीय."

"आन घर?"

"मागची भित गेली, भावजी. चूल बी गेली. म्याच बसू दिलं व्हतं मावशीला आत." मला रडू आवरेना.

पलीकडे त्याने कोयता खाली टाकल्याचा आवाज आला. आता हा मला वाट्टेल ते बोलणार, आणि त्याने बोलावंच, असं मला वाटलं.

"पर वयनी," तो हळूच म्हणाला, "मॅडमनी लिवलं का? आमी तितं ऱ्हातो म्हनून?"

"लिवलं, भावजी. तुमच्या नावासकट लिवलं."