दुसरा पेला

“हे हात तुमचेच ना, काका?” चौकशी कार्यालयातून आलेल्या बाईंनी फोटो टेबलावर सरकवला.

आमच्या यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, मग लांब धरला. स्वतःचे हात ओळखायला माणसाला एवढा वेळ लागू नये. पण त्या फोटोनं आमच्या घराचं जे केलं, ते पाहता यांच्या जागी मी असते तर तो हातातसुद्धा घेतला नसता.

“माझेच,” हे म्हणाले.

फोटोत हे पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी वाकले आहेत, दोन्ही हातांनी पांढऱ्या पावडरीचं पोतं धरलं आहे आणि तोंडभर हसताहेत. पाणी शुद्ध करायची ती पावडर हे एकतीस वर्षं रोज टाकीत सोडतात. गल्लीत यांना नावानं कुणी ओळखत नाही, टाकीवाले म्हणतात. पावडर सोडली की तासाभरानं पंपघराच्या नळाचा पहिला पेला हे स्वतः पितात. तसा काही नियम नाही. “आपण प्यायल्याशिवाय दुसऱ्याला कसं पाजायचं?” एवढंच यांचं म्हणणं. लेक लहान होती तेव्हा शाळेच्या आधी धावत टाकीवर जायची, आणि दुसरा पेला तिचा असायचा. म्हणून पंपघराच्या खिडकीत कायम दोन पेले.

तो फोटो लेकीनंच काढला होता. मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दिसेल असा टाकला आणि खाली लिहिलं, ‘माझे बाबा अख्ख्या शहराला पाणी पाजतात.’ दोन महिन्यांनी निवडणूक आली. मतदानाच्या आदल्या दिवशी तोच फोटो फोनाफोनांवर फिरायला लागला, पण खालची ओळ बदललेली. ‘टाकीत विष कालवताना रंगेहाथ सापडला. उद्या मतदान केंद्रांवर हेच पाणी ठेवणार. घराबाहेर पडू नका.’

आमच्या बाजूची निम्मी वस्ती मतदानाला फिरकलीच नाही. त्यानं निकाल फिरला म्हणतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. आमच्या खिडकीची काच फुटली, ते मात्र नीट कळलं. पंपघरासमोर माणसं जमली तेव्हा यांनी दारात उभं राहून सगळ्यांदेखत चार पेले पाणी पिऊन दाखवलं. गर्दीतून एकजण म्हणाला, “आधीच उतारा घेऊन आला असेल.” अशा माणसाला काय उत्तर देणार?

पोलिसांनी यांना दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. घरी आल्यावर यांनी चपला काढल्या, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुझ्यामुळे झालं हे.” ती उठून आपल्या खोलीत गेली. महिन्याच्या आत तिनं लांबच्या शहरात नोकरी धरली. तीन वर्षं झाली, ती आली नाही. दर रविवारी अकरा वाजता फोन करते, कारण तेव्हा हे टाकीवर असतात. माझा रविवार अकराला सुरू होतो आणि सव्वाअकराला संपतो. उरलेले सहा दिवस मी तिची खोली झाडते, उशीचे अभ्रे बदलते, ज्या उशीवर कुणी झोपत नाही तिचे.

गेल्या आठवड्यात त्या अफवेच्या सरकारी चौकशीचा निकाल लागला. तो मजकूर म्हणे परदेशात तयार झाला होता. कुठल्याशा इमारतीत बसून पगारी माणसं दुसऱ्यांच्या निवडणुकीत काड्या घालत होती. झालं, गल्लीच्या जिवात जीव आला. कोपऱ्यावरचा दुकानदार स्वतः घरी आला. “वहिनी, मी तेव्हाच म्हणत होतो, हे बाहेरच्यांचं काम आहे!” तेव्हा तो काय म्हणत होता हे मला पाठ आहे. तो फोटो मला पहिल्यांदा पाठवला तो त्यानंच, वर ‘सावध राहा’ असं जोडून. नवऱ्यापासून सावध राहा म्हणून बायकोला! त्या परक्यांनी एक ओळ लिहिली हे खरं, पण दारोदार नेऊन पोचवली ती आमच्याच माणसांनी. तरी मी त्याला चहा दिला. चहात साखर घातली नाही, एवढाच काय तो सूड.

आणि आज या बाई आल्या होत्या, फाइल बंद करायला. पोरसवदाच होत्या. यांच्यावर ठपका नाही, असं पत्र त्यांनी आधी वाचून दाखवलं. मग एक कागद काढला. “एवढा एक रकाना राहिलाय, काका. फोटो कुणी काढला?”

“मीच,” हे चटकन म्हणाले.

बाईंनी फोटोकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. “काका, तुमचे दोन्ही हात पोत्यावर आहेत.”

 यांचे कान लाल झाले. तीन वर्षं जिला दोष दिला, तिचं नाव सरकारी कागदावर जाऊ नये म्हणून हा माणूस खोटं बोलत होता, आणि तेही धड जमत नव्हतं. मला हसू आलं.

“लेकीनं काढला,” मी म्हणाले. “पण काढायला यांनीच लावला.”

“काहीतरीच!” हे माझ्याकडे वळले. “मी कधी?”

“मी डबा घेऊन आले होते. तुम्ही तिला म्हणालात, ‘चिमे, एवढी वर्षं झाली, माझा कामावरचा एक फोटो नाही. काढ बघू.’ तिला घाई होती, नंतर काढते म्हणत होती. तुम्ही माझ्याकडे फणी मागितलीत. भांग पाडलात. मग पोतं उचललंत.”

यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. त्यात भांग अगदी सरळ दिसत होता. एरवी टाकीवर यांच्या डोक्याची केरसुणी झालेली असते.

 बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मग त्या दिवशी का नाही बोललीस?” यांनी हळूच विचारलं.

 उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या संध्याकाळी हे असे मोडून आले होते की यांच्या अंगावर आणखी काही टाकायची माझी छाती झाली नाही. म्हणून लेकीच्या अंगावर पडू दिलं. वाटलं, दोन दिवसांनी बोलू. दोन दिवसांनी वाटलं, आता कशाला उकरायचं. मग ती गेलीच. परदेशातल्या माणसांना मी रोज शिव्या देते, पण ‘तुझ्यामुळे’ हे काही त्यांनी लिहून पाठवलं नव्हतं, आणि माझं तोंडही त्यांनी धरलं नव्हतं.

“काढणाऱ्याचा यात दोष नाही, काकू,” बाई म्हणाल्या. “फोटो चोरलाय. मी ‘घरातील व्यक्ती’ एवढंच लिहिते.”

“आणि ते लोक? त्यांना शिक्षा?” यांनी विचारलं.

“ते आपल्या हाती लागायचे नाहीत, काका.” बाईंनी सही घेतली, पाणी मागितलं, पेलाभर प्यायल्या आणि गेल्या.

यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “लाव फोन.”

“आज रविवार नाहीये.”

“लाव.”

लेकीनं दुसऱ्याच घंटेला उचलला. “आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?” आवाज घाबरलेला होता. मी फोन यांच्या हातात दिला.

“चिमे,” हे म्हणाले आणि थांबले. तीन वर्षांत हे नाव या तोंडून ऐकलं नव्हतं. “तो फोटो... मीच काढायला लावला होता. विसरलो होतो बघ.”

 ती म्हणाली, “मला माहीत आहे, बाबा.”

“मग तोंडावर सांगायचं नाही का?”

“सगळं शहर तुम्हाला बोलत होतं. मी पण बोलू?”

यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. डोळे गळत होते आणि ते पुसायचं यांना सुचत नव्हतं. “ये एकदा,” एवढंच म्हणाले.

“बघते,” ती म्हणाली.

मलाही तिच्याशी बोलायचं होतं, पण यांनी फोन ठेवूनही दिला होता. माझं सांगायचं रविवारवर गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन मी टाकीवर गेले. चढ चढून घशाला कोरड पडली होती. हे आत पंपाला तेल देत होते. खिडकीत दोन पेले होते. एक रिकामा, उपडा घातलेला. दुसरा घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला, वर बशी झाकलेली.

“आज येणार आहे का ती?” मी विचारलं.

“बघते म्हणालीये ना,” हे पाठमोरेच म्हणाले.

मी डबा खाली ठेवला. तो पेला काही मी उचलला नाही. नळ सोडला आणि ओंजळीनं पाणी प्यायले.