हँडलची गाडी

"नाना, गाडी पाहायला आलात की नवरी?" बन्सीलालनं खाटेवर बसल्या बसल्या विचारलं. "तिसरी फेरी झाली. आता ती लाजेल."

झुलालनं निळ्या गाडीचं मागचं चाक पायानं दाबून पाहिलं, खाली वाकून चेसच्या लोखंडी सांगाड्यावर नजर टाकली आणि पुन्हा हिरव्या गाडीकडे गेला. तिथंही त्याचा पाय ठरेना.

बन्सीलालचं आवार धुळ्यात आग्रा रोडला लागून होतं. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष उलटलं होतं. लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या मिळतील तिथून आणायच्या, रंगवायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. आज आवारात घेण्याजोग्या दोनच होत्या. दोन्ही लहान, मागं मालाचा डबा असलेल्या. हिरवी लष्करातून आलेली. निळी मुंबईच्या कुणा बिस्किटवाल्याची; नव्या रंगाखाली जुनी अक्षरं अजून पुसट दिसत होती.

घेणारा होता गिरधर. सावद्याजवळच्या गावचा केळीवाला, चाळिशीचा, अंगानं रुंद, पांढरी टोपी आणि पायात करकरणाऱ्या वहाणा. केळीचा घड कापला की त्याच दिवशी स्टेशनात वॅगनीत पडला पाहिजे. बैलगाड्यांना वाटेत उशीर होई, वॅगन निघून जाई आणि घड फलाटावर काळे पडत. यंदा गावातल्या आठ घरांनी आपला माल गिरधरच्या मोटारीतून पाठवायचं कबूल केलं होतं. मोटार मात्र अजून यायची होती.

"मले बैल दाखवा, चालीवरून वय सांगतो," गिरधर म्हणाला. "याच्यातलं मले काही कयत नाही. म्हनून तं तुम्हाले संग आनलं, नाना. तुम्ही बोट ठेवाल ती घ्यायची."

बोलणं आधीच झालं होतं. गाडी झुलालनं निवडायची आणि मग झुलालनंच चालवायची. राहायला मळ्यातली खोली. त्याच्या बायकोला, भागाबाईलाही घेऊन या, असं गिरधरनं आपणहून सांगितलं होतं.

झुलाल बावन्न वर्षांचा होता. त्यातली सव्वीस वर्षं त्यानं धुळे-जळगाव सर्व्हिस मोटार चालवली. या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांत त्याच्या कानाला मान होता. बोनेटवर कान ठेवून तो सांगे, की अमुक ठिकाणी बिघाड आहे. आणि खोलून पाहिलं तर तो तिथंच असे. गेले चार महिने मात्र तो घरी बसून होता. मालकानं नवा ड्रायव्हर ठेवला, एवढंच तो लोकांना सांगे. खरं कारण त्याच्या कोटाच्या उजव्या बाहीत होतं.

मोटार हँडल मारून, म्हणजे इंजिनात पुढून लोखंडी दांडा घालून तो फिरवून, सुरू करायची तर हात कसा धरायचा, हे नव्या माणसाला आधी शिकवावं लागतं. अंगठा दांड्याला वेढायचा नाही. तो चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन कधी कधी उलटा झटका देतं. अंगठा बोटांबरोबर असला तर हँडल हातातून निसटून जातं. अंगठा वेढलेला असला तर ते मनगट घेऊन जातं. झुलालनं हे किती जणांना शिकवलं असेल, याची गणती नव्हती. आणि आठ महिन्यांपूर्वी, एरंडोलला, मागून प्रवासी घाई करत असताना, त्यानं स्वतः अंगठा वेढला.

हाडवैद्यानं मनगट बसवलं, पण वाकडं बसलं. स्टिअरिंग धरता येई, गिअर टाकता येई. जोर मात्र लागत नसे. मग तो गाडी नेहमी उतारावर उभी करू लागला. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि गिअरात टाकून सुरू करायची. असे चार महिने निघाले. पारोळ्याच्या सपाट स्टँडवर दोनदा प्रवाशांना खाली उतरून ढकलावं लागलं, तेव्हा मालकाच्या लक्षात आलं.

हिरव्या गाडीचा सेल्फ-स्टार्टर मेलेला होता आणि त्याचं सामान कुठंच मिळत नव्हतं. ती हँडलवरच सुरू होई. निळी बटन दाबलं की सुरू होई.

"चला, लळिंगपर्यंत नेऊन पाहू," गिरधर म्हणाला.

आधी हिरवी निघाली. बन्सीलालच्या माणसानं, छगननं, हँडल मारलं. झुलाल तोवर स्टिअरिंगमागं बसून घेत होता, जसं काही ते काम ड्रायव्हरचं नव्हेच. डब्यात जुन्या टायरांचं ओझं टाकलं होतं. लळिंगच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरात लागली आणि एका लयीत वर गेली. इंजिनाचा आवाज असा, की झुलालला घरी आल्यासारखं वाटलं. वर पोचल्यावर त्यानं गाडी वळवली, इंजिन बंद केलं, गाडी उताराला सोडली आणि गिअर टाकला. ती लगेच बोलू लागली.

गिरधर हसला. "हे बरं हाये. मंग हँडलाचं कामच काय?"

झुलालही हसला, पण अर्धवट. हसता हसता तो मनातल्या मनात सावद्याच्या रस्त्यानं जाऊन आला. मळे, पाट, पुन्हा मळे. तापीकाठची काळी जमीन, परातीसारखी सपाट. तिथं पहाटे दवात थंड पडलेली गाडी घरंगळायला कुठं जाणार होती?

मग निळी. बटन दाबताच सुरू झाली. चढावर मात्र तिला धाप लागली. खाली आल्यावर तिचा धूर वाफेसारखा पांढरा येत होता. आवारात बोनेट उघडून झुलाल थोडा वेळ नुसता उभा राहिला. रेडिएटर निवल्यावर त्यानं चिंधीनं झाकण काढलं आणि आत बोट बुडवलं. बोट तेलकट झालं. इंजिनात तेल कुठवर आहे ते पाहायची काडी त्यानं ओढली. तेल ताकासारखं पांढुरकं होतं.

म्हणजे आत कुठंतरी चीर होती आणि तेल-पाणी एकमेकांत जात होतं. अशी गाडी दीड-दोन महिने चालते आणि ऐन गर्दीच्या दिवशी बंद पडते.

गिरधर बाहेर चहा सांगायला गेला होता. झुलालनं बोट चिंधीला पुसलं. मान वर केली तर समोर बन्सीलाल उभा.

"नाना," तो हलक्या आवाजात म्हणाला, "निळी तुमच्या सोयीची आहे. धुळ्यात कुणाच्या हाताला काय झालं, ते मला कळत नाही असं नाही. मी कशाला कुणाला सांगू? बटन दाबा आणि खुशाल पोट भरा."

झुलालनं रेडिएटरचं झाकण लावलं.

चहा आला. गिरधरनं बशीत ओतून फुंकर मारली. "हं, नाना. कोनती?"

"निळी बरी," झुलाल म्हणाला. "सकायले थंडीमा हँडल मारानं म्हनजे तरास. वॅगन काय थांबनार शे का?"

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतक्या सहज तोंडातून निघाला.

"मग ठरलं," गिरधर म्हणाला आणि बशी खाली ठेवली. त्यानं दुसरं काहीच विचारलं नाही. झुलालला वाटलं होतं, निदान दोन प्रश्न तरी येतील. दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यानं तयार ठेवली होती. "मी नारय घेऊन येतो. लक्ष्मी घरी न्यायची तं तशीच कशी न्यावी?"

तो गेला. बन्सीलाल कागद काढायला खोलीत शिरला. आवारात झुलाल आणि दोन गाड्या उरल्या.

तो खाटेवर बसला, उठला. रस्त्यापर्यंत गेला, परत आला. आपण खोटं कुठं बोललो, असं त्यानं स्वतःला विचारलं. नव्या गाड्याही बंद पडतातच. शिवाय दोन महिन्यांत हात सुधारेल. हात सुधारणार नाही, हे हाडवैद्यानं सांगितलं होतं. पण हाडवैद्य म्हणजे काय देव? ती आठ घरं कोणाची, त्यांची नावं काय, हेही त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तेच बरं, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटून तो पुन्हा उठला.

गिरधर आला तो नारळ, हळदकुंकू, उदबत्ती आणि झेंडूचा हार घेऊन. हार त्यानं स्वतःच निळ्या गाडीच्या कपाळावर बांधला. कुंकवाचं बोट लावलं. मग नारळ झुलालपुढं धरला.

"फोडा, नाना."

"मालक तुम्ही शेतस. तुम्ही फोडा."

"मी नुसता मालक. गाडी तुमच्या हातात राहीन. माझ्या बायकोनं, सुनंदानं, सांगेल हाये घरून, ज्याच्या हाती गाडी, त्याच्याच हातानं नारय फोडजा."

झुलालनं नारळ घेतला. उजव्या हातात घ्यायचा, म्हणून उजव्याच हातात घेतला. समोर दगड होता. बन्सीलाल दारातून पाहत होता. छगन टोपी सारखी करून उभा राहिला. झुलालनं हात वर नेला. मनगटातून कळ निघून खांद्यापर्यंत गेली. पण डाव्या हाताचा आधार दिला असता तर नारळ फुटला असता. हात थांबला तो कळेमुळे नव्हता.

त्यानं नारळ खाली आणला आणि गिरधरच्या हातात परत दिला.

"थांबा जरा, गिरधरभाऊ. आठे या."

निळ्या गाडीचं बोनेट उघडून त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं.

"बोट घाला पानीमा."

गिरधरनं बोट घातलं.

"आते आंगठावर चोया. काय लागस?"

"चिकट लागतं. तेल हाये का?"

"तेल शे. पानीमा तेलनं काय काम?" मग झुलालनं काडी ओढून दाखवली. "आनि हाई तेल. रंग देखा. याम्हा पानी जायेल शे. दोन्ही येकमेकमा जाई र्‍हायनात. म्हनजे मधली भित फुटेल शे. दोन महिना चाली. मंग भर रस्तामा उभी र्‍हाई, तुमना घड डब्बामा भरीसन."

शाळेतल्या पोराला शिकवावं तसं तो एकेक पायरी सांगत होता. गिरधरनं पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चोळलं, वास घेतला.

"मघाशी तुम्हाले हे दिसलं नव्हतं?" त्यानं विचारलं.

"दिसनं व्हतं."

बन्सीलाल दारातून पुढं आला. "मी कुठं म्हटलं गाडी कोरी आहे म्हणून? आणि गिरधरभाऊ, यांना जरा विचारा तर खरं..."

"इचारानं काम नही, शेठ. मीच सांगस." झुलालनं कोटाची बाही मागं सारली. मनगटाचं हाड एका बाजूला गाठीसारखं वर आलं होतं. "मना हात मोडेल शे. हँडल माराई जात नही. हिरवी लेवा म्हनतू तं माले कोन ठेवतं? म्हनीसन निळी सांगी. गाडी हिरवीच लेवा. दहा वरीस मरन नही तिले."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

गिरधर हिरव्या गाडीजवळ गेला. परत आला. निळ्या गाडीचा हार त्यानं सोडला, झटकला आणि हिरवीला बांधला. मग नारळ दगडावर असा आपटला, की पाणी त्याच्याच पायांवर उडालं.

"हँडल कसं मारतात, मले दाखवा," तो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता.

झुलालनं दाखवलं. पाय असे रोवायचे. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. अंगठा बोटांच्या बाजूला. गिरधरनं धरलं. झुलालनं वाकून त्याचा अंगठा स्वतःच्या बोटांनी सोडवला आणि योग्य जागी ठेवला. "हाऊ जर आठे र्‍हायना, तं हात तुमना. नही तं मना सारखा."

तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. गिरधर घामाघूम झाला होता. पण त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर पोरासारखा आनंद आला, आणि मग तो पुन्हा गंभीर झाला.

"नाना," तो इंजिनाच्या आवाजावर म्हणाला, "सकायी चारला मळ्यात गाडीपाशी एकटा ड्रायव्हर राहीन. मी रोज कसा येऊ?"

"नही जमाव," झुलाल म्हणाला.

"पुतन्या हाये माझा, अभिमन. तगडा हाये. गाडी घरापर्यंत तुम्ही न्या. आठ दिवस राहा. त्याले शिकवा. आज तुम्ही मले जसं बोट घालायला लावलं ना, तसं. मंग गाडी तोच चालवीन."

"शिकाडसू," झुलाल म्हणाला. "आठ दिवस पुरतीन."

निघताना गाडी झुलालच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. इंजिन चालूच ठेवलं होतं. गिरधर आत बसून राहिला. झुलाल घरात गेला. भागाबाईनं सकाळीच पत्र्याची पेटी भरून दोरीनं बांधून ठेवली होती.

"कितला दिवस?" त्याच्या तोंडाकडे पाहून तिनं विचारलं.

"आठ. मी येकलाच."

"हातनं सांगी दिन्हं तुम्ही?"

"हां."

ती खाली बसली आणि दोरी सोडू लागली. स्वतःची दोन लुगडी तिनं बाहेर काढली. तवा काढला, पोळपाट काढला. दोन गोधड्यांतली एक काढली. दोन ताटांतलं एक काढलं, पदरानं पुसलं आणि फडताळात जिथलं तिथं ठेवलं. मग कागदात गुंडाळलेल्या चार भाकरी पेटीत घालून तिनं झाकण लावलं. दोरीची आता गरज नव्हती.

बाहेर इंजिन एका लयीत चाललं होतं. झुलालनं पेटी उचलून पाहिली. ती त्याच्या उजव्या हाताला झेपली.