एक्केचाळीस नंबरचं जॅकेट

मी आणि माझी धाकटी बहीण शर्यतीच्या आठवडाभर आधीपासून बोलत नव्हतो. कारण मीच. जेवताना ती म्हणाली, "ताई, यंदा मी पण पळतेय. तीस किलोमीटरवाली." मला हसताना ठसका लागला. हिचं आजवरचं सगळं अर्धवट. टायपिंग अर्धं, शिवणकाम अर्धं, पोहायला गेली ती चौथ्या दिवशी कान दुखतो म्हणून घरी. मी म्हटलं, "दुसऱ्या चौकीवरून जीपमध्ये बसून खाली येशील, हवं तर लिहून देते." ती ताटावरून उठली. मीही समजूत काढायला गेले नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईची काय समजूत काढायची?

शर्यतीची वाट आखायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आमचा डोंगर सगळा चुनखडीचा आणि सगळा संरक्षित. तिथे दगडावर रंगाचा ठिपका चालत नाही, खिळा चालत नाही, मोडलेली फांदीसुद्धा चालत नाही. म्हणून आदल्या दिवशी लाल कापडी रिबिनी बांधायच्या, आणि शर्यतीत शेवटचा माणूस पुढे गेला की मागून चालत त्या सोडत यायच्या. मागून येणाऱ्या माणसाला आम्ही झाडू म्हणतो. पठाराच्या टप्प्यावर बांधणारीही मी आणि झाडूही मीच. गेल्या वर्षी एक रिबीन राहून गेली, तर वनखात्याच्या साहेबांनी ती टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली होती. त्या दिवसापासून माझ्या हातून एक रिबीन सुटत नाही.

पठार म्हणजे दुसरी चौकी ते खिंड, तीन किलोमीटर. लांबून सपाट दिसतं, पण आतून पोखरलेलं आहे. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत खाली उतरतं आणि वर भोकं ठेवतं. काही ताटाएवढी, काही खोलीएवढी. काहींच्या तोंडाशी उभं राहिलं की खालून गार हवा अंगावर येते. दगड टाकला तर कधी लगेच आवाज येतो, कधी येतच नाही. वर मातीच नाही, त्यामुळे झाड नाही. झुडूप उगवतं ते फक्त भोकाच्या काठाला, जिथे जरा माती आणि ओल धरून असते. आणि रिबीन बांधायला मला झुडूपच लागतं. म्हणजे वाटेची खूण मी बांधते ती बरोबर खड्ड्याच्या कडेवर. सुरुवातीच्या रेषेवर मीच माईक हातात घेऊन ओरडते, "पठारावर रिबिनीपाशी जायचं नाही! ती उजव्या हाताला ठेवून पाच पावलं लांबून पळायचं!" स्वच्छ उन्हात रिबीन शंभर पावलांवरून दिसते. अकरा वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या सकाळी ऊन नव्हतं. खाली मैदानात बरं होतं, पण वरचा डोंगर ढगात गेलेला. आयोजक म्हणाले, "नऊपर्यंत मोकळं होईल." मला ते पटलं नव्हतं. पण त्रेसष्ट माणसं बूट घालून उभी होती आणि मी मान हलवली.

गर्दीत धाकटी दिसली. हिरवं जॅकेट, छातीवर नंबर एक्केचाळीस. नंबर जॅकेटला लावलेला! नंबर आतल्या बनियनला लावायचा, हे मी दर वर्षी घसा फोडून सांगते. जॅकेट माणूस काढतो, विसरतो, दुसऱ्याला देतो. चौकीवरची माणसं चेहरे लिहीत नाहीत, नंबर लिहितात. इतर कुणी असतं तर तिथल्या तिथे पिना काढायला लावल्या असत्या. हिच्याशी बोलायचं नव्हतं ना मला! म्हटलं, जाऊ दे, मरू दे. आणि तोंड फिरवलं.

चौकीवर मास्तर बसतात. शाळेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं, वहीत खाडाखोड नाही. साडेअकराला मी मागच्या टाकीवरून बाटल्या भरून आले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या बहीणबाई परत आल्या," ते यादीतल्या नंबरावर बोट ठेवून म्हणाले. "पठारावरून अर्ध्या वाटेतून. टोपी नाकापर्यंत ओढलेली, थंडीने दात वाजत होते बिचारीचे, शब्द फुटेना. एक्केचाळीस, परत, असं लिहून जीपमध्ये बसवलं."

जीप वळणावर होती. मागच्या काचेतून जॅकेटची हिरवी टोपी दिसली, खाली ओढलेली. मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. काळजी मिटली म्हणून नाही, माझं खरं झालं म्हणून. मास्तरांना म्हणालेसुद्धा, "मी लिहूनच देणार होते."

"बाकी सगळे पठारावर गेलेत," मास्तर वही मिटत म्हणाले. "मागे कुणी नाही. तुम्ही निघा."

मी निघाले. पठारावर ढग इतका दाट होता की पुढची रिबीन दिसायला मागची सोडून वीस पावलं जावं लागत होतं. वाट मला पाठ आहे म्हणून बरं. एकेका झुडपाशी जायचं, हात लांब करायचा, गाठ ओढायची, रिबीन पिशवीत टाकायची, पुढे. खाली भोकात कोण बघतंय! मी रिबिनी मोजत होते. मध्ये एकदा मागे वळून बघितलं. पांढऱ्या ढगात काही नव्हतं. मी ज्या वाटेने आले ती वाट आता दुसऱ्या कुणाला सापडली नसती. कुठेतरी पाण्याचा थेंब आत पडत होता आणि त्याचा आवाज पायाखालून येत होता. मला उगाचच घाई झाली. शिट्टी वाजवत चालले.

एक वाजता खिंडीत पोहोचले. तिथे नर्सबाई तंबू लावून बसल्या होत्या. माझी पिशवी बघून त्या उठल्याच.

"अहो, तुम्ही आलात? मग एकोणतीस कुठाय?"

"कोण एकोणतीस?"

"एकोणतीस नंबर. चौकी ओलांडल्याची नोंद आहे, माझ्याकडे पोहोचली नाही. मला वाटलं, तुमच्याबरोबर येतेय."

आधी माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कॉलेजातल्या पोरी, फोटो काढायला वाट सोडून जातात. वॉकीटॉकी घेतला आणि मास्तरांना म्हटलं, "तुमच्या वहीत काय गोंधळ आहे?" मास्तरांना गोंधळ हा शब्द लागला. ते म्हणाले, वही चोख आहे, एकोणतीस साडेदहाला गेली, चष्मेवाली मुलगी. मग तेच म्हणाले, थांबा, जीपमधल्या तुमच्या बहिणीला विचारतो, तिने वाटेत बघितली असेल.

आम्ही थांबलो. नर्सबाईंनी मला चहा दिला. तो मी पिऊनही टाकला, हे मला अजून आठवतं.

जीपवाल्याचा आवाज आला, खरखरत. "मास्तर, ही मुलगी म्हणते हीच एकोणतीस. आत बनियनला नंबर आहे तिच्या. जॅकेट तिचं नाही. पठारावर एका काकूंनी घातलं म्हणते. ती कुडकुडत होती तर काकू म्हणाल्या, तू रिबिनी धरून मागे जा, माझी काळजी करू नकोस, पळलं की उब येते. आणि मागून माझी ताई येतेच आहे."

मी खाली बसले. पिशवी मांडीवर होती. पठारावरची एकूण एक रिबीन त्या पिशवीत होती.

मास्तर तिकडून विचारत होते, "बाई? बाई, ऐकू येतंय का?" नर्सबाईंनीच बचाव पथकाला कळवलं. पथक चौकीच्या बाजूने येणार, तासभर तरी लागणार. "तुम्ही थांबा इथे," त्या म्हणाल्या. मी केव्हाच निघाले होते.

येताना घाईघाईने आले होते त्या वाटेवर आता रांगत असल्यासारखी चालले. प्रत्येक झुडूप शोधायचं, पोटावर पडायचं, भोकात तोंड घालून हाक मारायची. हाक आत जायची आणि परत यायची नाही. प्रत्येक झुडपाला रिबीन पुन्हा बांधत होते, कुठलं भोक बघून झालं ते कळावं म्हणून, आणि अकरा वर्षांची गाठ बसेना. मी मोठ्याने बोलत होते. "मूर्ख, मूर्ख, मूर्ख." तिला नाही, मला.

चौदाव्या की पंधराव्या भोकातून आवाज आला. "ताई."

अगदी साधा आवाज. घरात दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसा.

टॉर्च लावला. दोन माणसांच्या उंचीइतकी खाली एक अरुंद कपार होती, माती आणि सुटे दगड साचलेली, आणि तिच्यावर ती एका कुशीवर पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. कपारीच्या पलीकडे टॉर्चचा उजेड पोहोचत नव्हता. तिने कूस जराशी हलवली तर दोन दगड सुटले. मी कान देऊन होते. ते पडल्याचा आवाज आलाच नाही.

"हलू नकोस," मी म्हणाले. "अजिबात हलू नकोस. पथक येतंय. मी इथेच आहे."

"हो," ती म्हणाली.

"कशी पडलीस गं?"

"रिबीन दिसली. ढगात काहीच दिसत नव्हतं, तर एकदम रिबीन दिसली. बरं वाटलं. तिच्याकडे पळाले."

मी अंगातला स्वेटर काढून खाली टाकला. तो तिच्या हाताशी पडला, पण तिने तो घेतला नाही, हलायचं नव्हतं म्हणून असेल. वरून माती तिच्या केसांवर झिरपत होती. थोड्या वेळाने तीच बोलू लागली, हळूहळू, मध्ये दम घेत.

"इथून रिबीन दिसत होती, ताई. वर झुडपावर. मी म्हटलं, आता घाबरायचं नाही. ताई रिबीन सोडायला येणार म्हणजे येणारच. मग तुझी शिट्टी ऐकू आली. मी ओरडायला बघितलं, पण छातीत दम नव्हता, आवाजच निघेना. तुझा हात आला. अंगठी दिसली मला. म्हटलं, आता वाकून बघेल."

"मला वाटलं तू परत गेलीस," मी म्हणाले. "मला सांगितलं, तू परत गेलीस."

"आणि तुला खरं वाटलं."

मी बडबडत राहिले, माफी मागत राहिले, रडतही होते. ती मधूनमधून "हं" म्हणायची, जिवंत आहे हे कळावं एवढंच.

माझ्या शिट्ट्यांच्या रोखाने पथक आलं तेव्हा कपारीचा एक कोपरा ढासळून गेला होता. पथकातले दोघं, त्यांच्या मागोमाग धापा टाकत मास्तर आणि जीपवाला. पथकप्रमुखाने दगडाला पट्टा आवळला, खाली वाकून बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "वेळ नाही." त्याचा जोडीदार दोराने खाली उतरला. कपारीवर पाय न टेकता, लोंबकळतच, त्याने तिच्या काखेतून पट्टे घातले.

"आता वर सगळ्यांनी मिळून सरळ ओढायचं," प्रमुख म्हणाला. "मध्ये कुणी सोडलं तर दोघंही जातील. बाई, तुम्ही माझ्या मागे धरा."

मी दोर मनगटाला गुंडाळून घट्ट धरला. इतकं घट्ट मी आयुष्यात काही धरलं नव्हतं.

खालून तिचा आवाज आला. या वेळी चांगला मोठा, दम घेऊन साठवलेला. "वर दोर कोणी कोणी धरलाय?"

"मी आहे," प्रमुख ओरडला. "मास्तर आहेत, जीपवाले आहेत, तुमच्या ताई आहेत. घाबरू नका!"

खाली माती सुटत होती.

"ताईच्या हातात दोर देऊ नका," ती म्हणाली. "तिला सोडायला सांगा, मग ओढा."

प्रमुखाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. वाद घालायला वेळ नव्हता. मी मनगटाचे वेढे काढले, माझ्या जागेवर जीपवाला आला, आणि त्या तिघांनी तिला वर ओढून घेतलं.